माझा इंटरकूलर, कंपनीचं सॅम्पल

हा किस्सा ऐकायचा असेल तर चहाचा कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी सांगितला तेव्हा आमच्या साडूच्या नाकातून चहा आला होता, आणि सासुरवाडीत त्याचा दोष अजून मलाच देतात. बरं, मी जे शेण खाल्लं ते कुणाच्या नादी लागून खाल्लं म्हणावं, तर तसंही नाही. भर दुपारी, पूर्ण शुद्धीत, कंपनीच्या स्टोअरमध्ये उभं राहून मी फक्त तीन शब्द बोललो. "सॅम्पल आहे, साहेब." बस. तिथून पुढे माझी जी फरफट झाली ती विचारू नका. पण तुम्ही विचारणारच, म्हणून सांगतो.

आधी मी कोण ते ऐका. चाकणला एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. आम्ही रेडिएटर बनवतो, आणि टेम्पोला, छोट्या ट्रकला लागणारे कूलर बनवतो. माझं काम म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामात खोट काढणं. आणि कशाला लपवू, मला ते फार आवडतं. लाइनवरचे लोक माझ्या पाठीमागे मला 'रिजेक्टसाहेब' म्हणतात. घरी रोहिणीने, म्हणजे माझ्या बायकोने, ताटात भाकरी टाकली की माझी नजर आधी तिच्या कडेवर जाते. एकदा सहज बोलून गेलो, "ही डाव्या बाजूला जरा जाड झालीय." त्यानंतर बरेच दिवस मी कंपनीच्या कँटीनमध्ये जेवत होतो.

तर असा मी. तंबाखू नाही, दारू नाही, पत्ते नाहीत. व्यसन एकच, गाडी.

माझी गाडी टर्बोची आहे. टर्बो म्हणजे काय, तर इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. आता हवा दाबली की तापते, आणि तापलेली हवा इंजिनाला मानवत नाही, गाडी दमते. म्हणून मध्ये एक इंटरकूलर असतो. रेडिएटरचा चुलतभाऊ समजा. तो हवा गार करतो आणि मग आत सोडतो. गाडीबरोबर जो येतो तो लहान असतो, कुठेतरी कोपऱ्यात तोंड लपवून बसलेला असतो. मला पाहिजे होता मोठा. अख्ख्या बंपरच्या रुंदीचा, पुढच्या जाळीतून दिसणारा. पुढच्या गाडीवाल्याने आरशात बघितलं की त्याला कळायला पाहिजे, मागे साधा माणूस नाही.

तुम्ही म्हणाल, पुनावळ्यात राहणाऱ्या, पोरांना शाळेत सोडणाऱ्या आणि चाकणच्या ट्रॅफिकमध्ये दुसऱ्या गिअरच्या वर कधी न गेलेल्या माणसाला हे हवंय कशाला? रोहिणीनेही हेच विचारलं होतं. शिवाय स्पष्ट सांगितलं होतं, "गाडीसाठी अजून एक खोकं या घरात आलं, तर त्याच खोक्यात तुम्हाला भरून परत पाठवीन."

बाई बोलली की करते. म्हणून मी डोकं लावलं. इंटरकूलर ऑनलाइन मागवला, काळा कुळकुळीत, त्यावर पांढरी जपानी अक्षरं, आणि पत्ता दिला कंपनीचा.

इथे एक गोम होती, आणि ती मीच करून ठेवली होती. आमच्याकडे आधी सगळेच आपापली पार्सलं कंपनीच्या पत्त्यावर मागवायचे. कुणाचे बूट, कुणाच्या साड्या. एका ऑडिटच्या आधी मी स्टोअरमध्ये गेलो, तर कच्च्या मालाच्या रॅकवर एक पाळणा. चक्क पाळणा. मी तडक पाटणकर साहेबांकडे गेलो. पाटणकर साहेब म्हणजे आमचे प्लांट हेड. त्यांना म्हणालो, "साहेब, हे बंद झालं पाहिजे. पर्सनल वस्तू गेटच्या आत येताच कामा नये. आली तर परत पाठवायची आणि मागवणाऱ्याला मेमो द्यायचा." साहेबांना पटलं, दुसऱ्या दिवशी नियम लागू. तो पाळणा होता स्टोअरच्या ज्ञानोबाभाऊंचा. कुरुळीचा माणूस, कंपनीत माझ्या आधीपासून. नातीच्या बारशासाठी मागवला होता. मी तो परत पाठवायला लावला. ते रागावले नाहीत, भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "बरं हाय सायेब. नियम म्हंजी नियम."

हे सगळं माहीत असून मी कंपनीचा पत्ता दिला? दिला. माझा हिशेब साधा होता. कुरियरवाला आला की मला फोन करणार, मी गेटवर जाणार, खोकं उचलून थेट डिकीत टाकणार. कुणाला पत्ता लागायचं कारणच नाही.

कुरियरवाला आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो आणि फोन सायलेंटवर होता.

बाहेर येऊन त्याचे मिस्ड कॉल बघितले. धावत स्टोअरला गेलो. बघतो तर टेबलावर माझा इंटरकूलर, खोकं फोडून बाहेर काढलेला. टेबलाच्या एका बाजूला ज्ञानोबाभाऊ. दुसऱ्या बाजूला खुद्द पाटणकर साहेब, चष्मा कपाळावर चढवून त्या जपानी अक्षरांवरून बोट फिरवत होते.

ज्ञानोबाभाऊंनी माझ्याकडे बघितलं. चेहरा इतका गरीब की विचारू नका. म्हणाले, "सायेब, तुमच्या नावानं आलंय. संगं कागुद काय न्हाई. हे पर्सनल हाय का कंपनीचं?"

आता मला सांगा, तुम्ही काय बोलला असता? खरं बोललो तर मेमो, तोही माझ्याच नियमाखाली. संध्याकाळपर्यंत तिन्ही शिफ्टला बातमी. शिवाय इंटरकूलर परत. आणि ज्ञानोबाभाऊ माझ्याकडे बघत होते तेव्हा मला त्यांच्या डोळ्यांत तो पाळणा हलताना दिसत होता राव.

"सॅम्पल आहे, साहेब," मी म्हणालो.

"कस्टमरचं?" साहेबांनी विचारलं.

"हो."

"कारवाल्या कस्टमरचं?"

"हो साहेब."

साहेबांनी चष्मा खाली घेतला आणि माझा हात हातात घेतला. मला वाटलं पकडला गेलो. पण त्यांचे डोळे पाणावले होते. म्हणाले, "सतीश, इतकी वर्षं आपण टेम्पोच्या पुढे गेलो नाही. एक कारवाला दारात उभा करत नव्हता. आणि तुम्ही गुपचूप सॅम्पल मिळवलंत? कोण आहे कस्टमर?"

मी आवाज खाली आणून म्हणालो, "साहेब, नाव आत्ताच बाहेर काढू नका म्हणालेत."

मला वाटलं होतं यावर ते चिडतील. उलट त्यांच्या नजरेतला माझा भाव वधारला. इतका मोठा कस्टमर की नावसुद्धा सांगत नाही. कारवालेच असं करतात म्हणाले.

"आजच लीक टेस्ट घ्या," ते म्हणाले. "आणि तुम्ही स्वतः घ्या."

लीक टेस्ट म्हणजे आमच्याकडे कूलरची तोंडं बंद करायची, आत हवा भरायची आणि तो पाण्याच्या टाकीत बुडवायचा. बुडबुडा आला तर माल फुटका. मग लाल पट्टा मारायचा आणि शेजारी तपासणाऱ्याने आपला पंच, म्हणजे पत्र्यावर उमटणारी खूण, ठोकायचा. बुडबुडा नाही आला तर हिरवा ठिपका, आणि पुन्हा पंच. पंच प्रत्येकाचा वेगळा असतो, म्हणजे उद्या काही झालं तर कुणाच्या मानेवर बसायचं ते कळतं. माझ्या पंचाला गोलाच्या आत चांदणी आहे.

तर इंटरकूलर पाण्यात सोडला. मी आणि बेंचवरचा ऑपरेटर दोघं वाकून बघतोय. कोपऱ्यातून एक बारीकसा बुडबुडा वर आला.

"सर, बुडबुडा," ऑपरेटर म्हणाला.

"बाहेरून चिकटलेली हवा असते ती," मी म्हणालो.

"सर, अजून एक आला."

"ती पण चिकटलेली."

"सर, ओळीने येतायत."

"अरे मोठी वस्तू आहे, जास्त चिकटणारच ना," मी म्हणालो, आणि हिरवा ठिपका देऊन शेजारी माझी चांदणी ठोकली. लक्षात घ्या, हा तोच मी. एका बुडबुड्यासाठी अख्खा लॉट थांबवून लोकांना जादा शिफ्ट करायला लावणारा. पण माझा इंटरकूलर होता हो तो. स्वतःच्या पोराला कुणी नापास करतं का?

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्याकडे त्या दिवशी मशिनी धुऊनपुसून त्यांना झेंडूचे हार घालतात, हळदीकुंकू वाहतात, प्रत्येक लाइनवर नारळ फुटतो. सगळे घरून नवे कपडे घालून येतात. मी मशिनींच्या शॉपवर पोचलो तर मोठ्या प्रेसच्या पुढे पाट मांडलेला, पाटावर माझा इंटरकूलर. गळ्यात हार. साहेबांनी हुकूम काढला होता की यंदा पहिली पूजा नव्या सॅम्पलची.

भटजींनी मनापासून अक्षता टाकल्या. इंटरकूलरच्या अंगाला पातळ पत्र्याच्या जाळ्या असतात, त्यांच्या फटीफटीत तांदूळ जाऊन बसले. कुंकू तर आतपर्यंत गेलं. मी हात जोडून उभा होतो आणि मनात एकच विचार, हे ब्रशने निघेल की एअर मारावी लागेल.

तेवढ्यात साहेब म्हणाले, "सतीश, चार शब्द बोला."

मला माइक देऊ नये असं रोहिणी नेहमी म्हणते. तिचं बरोबर आहे. मी सुरू झालो. म्हणालो, "बघा, याला म्हणतात क्वालिटी. हे वेल्डिंग बघा. या जाळ्या बघा, एक इकडची तिकडे नाही. आपण टेम्पोचा माल काढतो, आणि हा बघा. आपल्या लाइनवर असा पीस जन्मात निघणार नाही, कारण आपल्याकडे ती शिस्तच नाही." बरंच बोललो. लाइनवरच्या लोकांनी माना खाली घातल्या. साहेबांनी टाळ्या वाजवल्या म्हणून बाकीच्यांनीही वाजवल्या.

भाषण संपलं, प्रसादाचे पेढे वाटून झाले, आणि साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आता दसऱ्याची सुट्टी झाली की पहिलं काम, कटिंग."

मी हातातला अर्धा पेढा खिशात टाकला. बाहेरच्यांना सांगायला पाहिजे, आमच्या धंद्यात कुठलंही सॅम्पल आलं की त्याला मशिनवर आडवं कापतात. आत नळ्या कशा बसवल्यात, पत्रा किती जाडीचा, हे बघितल्याशिवाय तसा माल बनवता येत नाही. चाकणमध्ये सॅम्पल म्हणून आलेली वस्तू सहसा अखंड परत जात नाही. हे मला पहिल्या दिवशीच सुचायला हवं होतं, पण 'सॅम्पल' म्हणताना मला फक्त मेमो दिसत होता.

आता दोन गोष्टी वाचवायच्या होत्या, माझा इंटरकूलर आणि माझी अब्रू. एक वाचवायला जावं तर दुसरी जात होती. तरी तोंड चालू होतंच.

"साहेब, कापायची घाई नको," मी म्हणालो. "आधी गाडीवर ट्रायल घेऊ. चालत्या गाडीत कसा वागतो ते बघू. कापायला काय, कधीही कापता येईल."

"पण त्यासाठी टर्बोची गाडी कुठून आणणार?"

"माझी आहे ना साहेब."

पाटणकर साहेब थांबले. माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "कंपनीसाठी तुम्ही स्वतःच्या गाडीचा बंपर कापणार?"

मी नजर खाली घातली. कधीकधी माणसाला नजर खाली घालण्याचेही गुण मिळतात.

अशा तऱ्हेने मला माझाच इंटरकूलर माझ्याच गाडीत बसवायची अधिकृत परवानगी मिळाली. फक्त वस्तू गेटबाहेर न्यायची तर पास लागतो. ज्ञानोबाभाऊंनी पास फाडला आणि त्यावर शिक्का मारला, 'रिटर्नेबल'. म्हणजे गेलेली वस्तू परत आलीच पाहिजे. मी म्हटलं, भाऊ, हा शिक्का कशाला? ते म्हणाले, "कंपनीचं हाय न्हवं सायेब?"

दसऱ्याला सकाळी पिंपरीला जावेदभाईच्या गॅरेजला गेलो. जावेदभाई माझा जुना दोस्त. कुठल्याही गाडीला काहीही बसवून देतो आणि बसवल्यावर त्याची तारीफही तोच करतो. बंपर उतरवला. आतला लोखंडी बार थोडा घासला, हॉर्न एका बाजूला सरकवला, जुना इंटरकूलर काढला, नव्याला पुढे पट्ट्या मारून टांगलं. मग टर्बोपासून तिथपर्यंत आणि तिथून इंजिनापर्यंत नवीन पाइप, सांध्यांना निळे रबरी होज, त्यांवर क्लिपा. शेवटी बंपरच्या मधला भाग कापून जाळी मोठी केली. कटर फिरला तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते.

उघडले तर समोर माझी गाडी, आणि जाळीतून दिसणारी जपानी अक्षरं. एका फटीत अजून कुंकू होतं. मला गहिवरून आलं राव. खोटं नाही सांगत, आमच्या थोरल्याच्या वेळी दवाखान्यात झालं होतं तसंच.

गाडी चालू केली, जरा रेस केली. पुढून आवाज आला, फुस्स.

"ऐकलंत?" मी म्हणालो.

"यही तो आवाज आहे साहेब," जावेदभाई म्हणाला. "लोक याच्यासाठी तरसतात."

घरी आलो. रोहिणी गाडीच्या पूजेला ताट घेऊन खाली आली, आणि बंपर बघून जागीच थांबली.

"हे काय?"

"कंपनीचं आहे गं," मी घाईघाईने म्हणालो. "ट्रायलसाठी दिलंय. साहेबांनी माझ्यावर विश्वास टाकला."

तिचा चेहरा बदलला. तिने जाळीला कुंकू लावलं, ओवाळलं, आणि सोसायटीतल्या दोन बायकांना बोलावून सांगितलं, "यांच्या कंपनीने बसवून दिलंय. एवढ्या लोकांतून यांनाच." मी शेजारी उभा राहून हसत होतो. विचार करा, वस्तू माझी, माझ्या ओव्हरटाइमच्या घामाची, आणि जगात एक माणूस नव्हता ज्याला मी छाती पुढे काढून 'माझी' म्हणू शकत होतो.

संध्याकाळी तिला घेऊन सोनं द्यायला बाहेर पडलो. हायवेला लागल्यावर म्हटलं, आता बघ. पाय दाबला. फुस्स झालं.

"काही गळतंय का?" तिने विचारलं.

"टर्बोचा आवाज आहे तो."

"आधी गाडी गपचूप पळायची. आता नुसती धापा टाकतेय."

"तुला त्यातलं कळत नाही."

"नसेल," ती म्हणाली. "पण आपल्याला आत्ता मुरमुऱ्याच्या पोत्यांचा टेम्पो ओलांडून गेला, तेवढं कळलं."

मी म्हणालो, टेम्पोवाले हल्ली फार रॅश चालवतात.

दसरा झाला आणि नवीनच पीडा सुरू झाली. सकाळी गाडी गेटवर नेली की ज्ञानोबाभाऊ उभेच. गाडीच्या पुढे वाकून बघायचे आणि म्हणायचे, "वस्तू परत आली. बरं झालं." संध्याकाळी निघालो की पुन्हा आडवे. "सायेब, कंपनीची वस्तू भाईर चाललीय. पास?" मी म्हणायचो, भाऊ, ती गाडीला नटबोल्टने बसवलीय. ते म्हणायचे, "व्हय की. पन जातीय तर भाईरच न्हवं." माझ्या मागे बसची रांग, हॉर्नवर हॉर्न, आणि मी माझ्या गाडीच्या नाकाचा पास काढायला त्यांच्यामागे स्टोअरकडे चाललोय. रोज. कुणी हसायला लागलं की ते गंभीरपणे सांगायचे, "हसू नगा. सायबांनीच लावलेली शिस्त हाय."

वर साहेब ट्रायलचं काय झालं म्हणून विचारत होते. आता इथे खरी गंमत. वाईट झाली म्हणावं, तर म्हणणार मग टाका भंगारात. चांगली झाली म्हणावं, तर म्हणणार मग कापा, आपणही तसाच बनवू. मी दिवस ढकलत राहिलो. घाटात बघायचंय म्हणालो. गारव्यात बघायचंय म्हणालो. एकदा तर पौर्णिमेचा काहीतरी संबंध जोडला, तेव्हा साहेबांनी माझ्याकडे जरा विचित्र बघितलं.

शेवटी एका सकाळी त्यांनी मला बोलावलं. "सतीश, तुमचं मन मोडत नाही. पण वर हेड ऑफिसला मी शब्द दिलाय. आज कापायचं. आणि मान तुमचा, मशिन तुम्हीच चालवायची."

गाडी मेंटेनन्सच्या शेडमध्ये घेतली. बंपर उतरला, होज सुटले, पाइप लोंबायला लागले, आणि माझा इंटरकूलर दोघांनी धरून मशिनवर आणून ठेवला. भोवती अख्खी लाइन जमली होती. खंडेनवमीला माझं भाषण ऐकून माना खाली घातलेले सगळे. त्यांना जपानी शिस्त आतून बघायची होती. मी मशिनचं पातं पुसलं, मग पुन्हा पुसलं. साहेबांना वाटलं, केवढी ही कामावरची माया.

मी बटण दाबलं. पातं फिरलं, तांदळाचे चार दाणे उडाले, आणि बाजूची टाकी, म्हणजे टोकाला बसवलेलं पत्र्याचं झाकण, खाली गळून पडली. आतली प्लेट उघडी झाली.

प्लेटवर लाल पट्टा होता.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग बेंचवरचा तो ऑपरेटर पुढे वाकला, मागे सरला आणि माझ्याकडे न बघता छताकडे बघायला लागला. लाल पट्ट्याच्या शेजारी पंच होता. गोल. गोलात चांदणी.

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. प्लेट बघितली. नळ्या मोजल्या. आमच्या टेम्पोच्या कूलरला जितक्या असतात तितक्याच होत्या, कारण तो आमच्या टेम्पोचाच कूलर होता. मग त्यांनी तो तुकडा उलटा केला. बाहेरच्या बाजूला काळ्या रंगावर हिरवा ठिपका, आणि त्याच्याही शेजारी चांदणी.

मला वाटत होतं जमीन दुभंगावी, पण आमच्या शेडचं काँक्रीट फार चांगलं आहे.

"सतीश," साहेब शांतपणे म्हणाले, "कस्टमर कोण?"

"मीच, साहेब."

मग सगळं सांगितलं. खोकं, रोहिणी, मीटिंग, पाळणा, मेमोची भीती. ज्ञानोबाभाऊ दारात उभे होते. मला वाटलं ते हसतील, पण त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाले, "सायेब, तवाच पर्सनल म्हनला असता, तर म्या काय जीव घेतला असता व्हय?" तेच मला जास्त लागलं. त्यांना त्यांचा पाळणा मिळाला नव्हता, आणि तरी हे बोलत होते.

साहेबांनी तो तुकडा मशिनवर ठेवला. मग एकेक बोट दुमडत म्हणाले, "म्हणजे हा माल आपला. तुम्ही तपासून नापास केलात. तो भंगारात गेला. तिथून कुणीतरी उचलला, लाल पट्ट्यावरूनच नव्या टाक्या लावल्या, काळा रंग दिला, वर चार अक्षरं काढली आणि तुम्हालाच विकला. बरोबर?"

"बरोबर, साहेब."

"तोच परत आपल्याकडे आला. तुम्हीच तपासलात आणि पास केलात."

"हो साहेब."

"माझ्या हातून पूजा करवलीत."

मी खाली पडलेले तांदळाचे दाणे वेचायला लागलो.

"म्हणजे माझ्याकडे क्वालिटीला दोन सतीश आहेत," ते म्हणाले. "एक नापास करणारा, एक पास करणारा. मला एकच परवडतो. कुठला ठेवू?"

एवढ्या दिवसांत मी पहिल्यांदाच खरं बोललो. म्हणालो, "पहिल्याला ठेवा, साहेब. दुसऱ्याला मी आत्ताच्या आत्ता गाडीत घालून घरी सोडून येतो."

साहेबांनी शेडच्या कोपऱ्याकडे बघितलं. तिथे माझी गाडी उभी होती, बंपर जमिनीवर, पाइप लोंबलेले, आणि मधे जिथे इंटरकूलर होता तिथे पलीकडची भिंत दिसत होती.

"कुठल्या गाडीत?" त्यांनी विचारलं.